तिसरा रकाना

सर कुठंही बसायच्या आधी त्या जागेला हात लावून बघायचे. तळवा पुरता टेकवायचे, जरा दाबायचे, मगच बूड टेकायचे. वर्गातली खुर्ची असो, रोहा स्टेशनवरचा सिमेंटचा बाक असो की टपरीवरचं फळकूट असो, रिवाज तोच. पहिल्या दिवशी आम्ही खुदखुदलो. दुसऱ्या दिवशी एका टवाळानं खुर्चीवर तांब्याभर पाणी ओतून ठेवलं. सरांचा हात ओला झाला, पँट कोरडी राहिली. "काल नीट होती म्हणून आज नीट असेल असं नसतं," एवढंच म्हणाले आणि त्यांनी उभ्यानंच तास घेतला.

चहाच्या टपरीवरही तेच. साखर घातली का, म्हणून विचारायचे. टपरीवाला घातली म्हणायचा. सर घोट घ्यायचे, थांबायचे आणि म्हणायचे, "आता कळलं." टपरीवाला आम्हाला डोळा मारायचा. त्याचं काय चुकलं? आम्हीही सरांना वेड्यातच काढलं होतं.

मी तेव्हा पेणच्या एका ज्युनियर कॉलेजात अकरावी आर्ट्सला होते. आमचं गाव वडखळच्या पुढं, धरमतरच्या खाडीला लागून. मी तर्कशास्त्र घेतलं ते काही ज्ञानाची भूक लागली म्हणून नव्हे. भूगोलाला प्रॅक्टिकल असतं, प्रॅक्टिकलला उशीर होतो आणि उशीर झाला की गावची शेवटची एसटी जाते. वर्गात असलेल्या बावीस जणांपैकी निम्मे असेच आलेले. उरलेल्यांना दुसरीकडं जागा मिळाली नव्हती.

पहिल्याच तासाला सरांनी पुढच्या बाकावरच्या मुलीला विचारलं, तुमच्या घराला दार आहे का? ते सगळ्या पोरांना अहो-जाहो करत. ती मुलगी मीच. आहे, म्हटलं. आत्ता आहे? आत्ताही आहे. "कशावरून?" सकाळी निघताना मी स्वतः ओढून घेतलं. म्हणजे सकाळी होतं, ते म्हणाले, मी आत्ताचं विचारतोय. मागून कुणीतरी पुटपुटलं, दार काय पळून जातंय? सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मी लाल झाले.

"दार असेलच," सर म्हणाले. "पण तुम्ही ते पाहत नाही आहात. तुम्ही ते धरून चालला आहात. ह्या दोन्हींतला फरक शिकवायचा मला पगार मिळतो."

त्या संध्याकाळी घरी येऊन मी दाराकडं बघत उभी राहिले. आई म्हणाली, काय गो, दाराला शिंगं फुटली काय? मला हसू आलं, पण दार जागेवर दिसल्याचं थोडं बरंही वाटलं, आणि असं बरं वाटावं ह्याची भीतीही वाटली.

मग वही आली. शंभर पानी वहीला दोन उभ्या रेघा मारून तीन रकाने आखायचे. पहिला 'पाहिलं', मधला 'ऐकलं', तिसरा 'धरून चाललो'. रोज एकेका रकान्यात एक ओळ. गुरुवारी वह्या गोळा व्हायच्या, शुक्रवारी लाल शाईची खूण आणि सही होऊन परत यायच्या. पहिल्या महिन्यात ओळ न् ओळ खोडून आली. मी 'पाहिलं' मध्ये लिहिलं, बापूस कंपनीत गेला. बापूस रोह्याला एका कंपनीत कंत्राटावर होता. समासात लाल अक्षरांत आलं, 'कंपनीत गेलेलं पाहिलंत की घरातून निघालेलं?' असा राग आला म्हणून सांगू! पण बरोबर होतं. मी त्याला फक्त वळणापर्यंत पाहत होते. पुढचं सगळं धरूनच चालले होते.

हळूहळू माझा पहिला रकाना ओस पडायला लागला. पृथ्वी गोल आहे, मधला. आजा बोट बुडून गेला, मधला. खाडीपलीकडं धूर दिसतो तिथं कंपनी आहे, तिसरा. मला पहिल्यांदाच कळलं की मला फारसं काही कळत नाही, आणि गंमत म्हणजे त्यानं वाईट नाही, छानच वाटलं. एसटीत बसल्या बसल्या मी एकेक गोष्ट उचलून ह्या रकान्यातून त्या रकान्यात टाकायचे. सोळा वर्षांत डोकं असं कुणी वापरायला लावलंच नव्हतं.

एकदा एकजण छाती काढून म्हणाला, सर, पेणच्या गणपतीच्या मूर्ती शाडूच्या असतात, हे तरी सगळ्या जगाला ठाऊक आहे. सरांनी विचारलं, तुम्ही किती कारखान्यांत आत जाऊन बघितलंत? तो पोरगा उन्हाळ्यात एका कारखान्यात मूर्तींना रंग द्यायला जायचा. तो डोकं खाजवत म्हणाला, एकाच, सर, आणि तिथं बऱ्याच प्लास्टरच्या असतात. त्या दिवशी सर पहिल्यांदा हसले. त्यांचे पुढचे दोन दात नव्हते, ते तेव्हा दिसलं.

शिक्षकांच्या खोलीत मात्र त्यांना कुणी विचारत नव्हतं. आगीसाठी ठेवलेल्या वाळूच्या बादल्या तपासल्याच्या कागदावर सगळ्यांनी सह्या केल्या, सरांनी केली नाही. आधी बघतो म्हणाले. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढले, प्रत्येक बादलीत हात घातला, एका बादलीत पानाच्या पिचकाऱ्या निघाल्या. प्रिन्सिपलांना ते फार लागलं. सर न बघता सही करत नाहीत, ही गोष्ट मग शिपायापासून सगळ्यांना पाठ झाली. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

बाकी त्यांच्याविषयी आम्हाला जे ठाऊक होतं ते सगळं मधल्या रकान्यातलं. बायको सोडून गेली, म्हणे. एकुलती मुलगी लहानपणीच वारली, म्हणे. पुण्याला मोठ्या कॉलेजात होते, तिथून काढलं, म्हणे. मी पाहिलं ते एवढंच: रोह्यात कुंडलिकेच्या बाजूला दोन खोल्या, एक लोखंडी खाट, एक काळी छत्री, आणि सकाळी गाडीनं पेणला येणारा एक काटकुळा माणूस.

आता उघाडीचं सांगते. मी ते कधी कुणाला नीट सांगितलेलं नाही.

खाडीकाठच्या गावाचा जीव बांधात असतो. बांधाच्या अलीकडं भाताची शेतं, पलीकडं खारं पाणी. बांधात पाणी जायला दार ठेवलेलं असतं, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी तिच्यातून बाहेर जातं, भरती आली की खाडीच्या रेट्यानं झडप आपोआप बसते. आपोआप खरी, पण कधी एखादा ओंडका अडकतो आणि ती उघडीच राहते. म्हणून उधाणाच्या दिवसांत गावानं राखण लावलेली. घरटी एक दिवस. ज्याचा दिवस त्यानं पाणी चढायच्या आत बांधावरून उघाडीपर्यंत जायचं, पायऱ्या उतरायच्या आणि झडपेला हात लावून ती बसल्याची खात्री करायची. नुसतं बघून चालत नाही, हात लावायचा. पणज्याच्या वेळचा नियम. सर खुर्चीला जे करत तेच आमचा गाव पिढ्यान् पिढ्या झडपेला करत आला होता, आणि मी ते वर्गात एकदाही बोलले नाही, कारण मला ते सुचलंच नव्हतं.

श्रावणातली अमावास्या. आमच्या घराचा दिवस. बापूस पहिल्या शिफ्टला गेलेला, म्हणून आईनं मला पाठवलं. साडेआठ वाजले असतील. बांधावर हा चिखल, अंगावर कॉलेजचा ड्रेस, दहाच्या एसटीची घाई. बांधाच्या वळणावरून उघाडीचे दोन खांब दिसतात, झडप दिसत नाही. मी वळणापर्यंत गेले. पाणी शांत होतं. आमच्या दिवशी झडप कधी उघडी राहिल्याचं मला आठवत नव्हतं. मी तिथूनच मागं फिरले. आईनं विचारलं, बघितलंस? मी पाय धुता धुता म्हटलं, "बघितलं. बंद हाय."

दुपारी एकच्या सुमारास भरती पुरी होते. त्या वेळी मी वर्गात बसून अनुमानाचे प्रकार उतरवून घेत होते.

संध्याकाळी एसटीतून उतरले तर गावापुढं शेत नव्हतं, पाणी होतं. उघाडी उघडी राहिली, पाण्यानं बाजूचा बांध खाल्ला आणि मोठी खांड गेली. पोटरीला आलेला भात गळ्यापर्यंत बुडाला. खारं पाणी एकदा आत आलं की दोन-तीन वर्षं ती जमीन भात देत नाही, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. बाया दारात बसून रडत होत्या. आणि राघ्याला मारून झालं होतं.

राघ्या वाडीवरचा. आमच्या गावाच्या वर टेकडीला आदिवासी वाडी आहे, तिथला. माझ्या बापाच्या वयाचा माणूस, पण गावातली पोरंसुद्धा त्याला राघ्याच म्हणायची, मीही. उघाडीपाशी मासे चांगले लागतात म्हणून तो रोज तिथं जाळं टाकायचा. झडपेत ओंडका सापडला, पायऱ्यांवर राघ्याचं जाळं सापडलं. दुपारी दोनला माणसं आमच्या दारी आली, तुमचा दिवस होता म्हणाली. आई घरात एकटीच. तिनं सांगितलं, माझी पोर सकाळीच बघून आली, बंद होती.

मग काय, हिशेब सोपा. सकाळी बंद होती. दुपारी उघडी सापडली. म्हणजे कुणीतरी उघडली. तिथं रोज कोण असतो? परीक्षेत असं उत्तर लिहिलं असतं तर सरांनी पैकीच्या पैकी गुण दिले असते. फक्त पहिलंच विधान खोटं होतं, आणि ते माझं होतं.

तो म्हणत होता, मी आलो तवाच उघडी व्हती. कुणी ऐकलं नाही. त्याला बांधावर मारलं, मग सरकारी दवाखान्यात नेऊन टाकलं आणि वर त्यानंच उघाडी फोडली म्हणून पोलिसांत तक्रार दिली. संध्याकाळी गावातली मोठी माणसं आमच्या अंगणात आली. बापूस शिफ्टवरून येऊन ओट्यावर बसला होता, डोळ्यांत पाणी. त्यांनी मला पुढं बोलावलं. तू सवताच्या डोळ्यांनी बघितलंस? आई आत चुलीपाशी पाठमोरी बसली होती. मी म्हटलं, "व्हय. बंद व्हती."

खोटं बोलायचं ठरवून बोलले नाही. घाबरले होते. राघ्याला मारलं तसं माझ्या बापाला मारतील, गाव आम्हाला वाळीत टाकेल, हेच डोक्यात होतं. सोमवारी जबाबाला या, असं पोलिसांनी गावाला सांगितलं होतं. आठवडा मिळाला. त्या आठवड्यात दवाखान्यात तो माणूस पडून होता आणि मी रोज त्या रस्त्यानं कॉलेजला जात होते.

तोंडानं बोलवेना, म्हणून मी वहीत लिहिलं. मंगळवारच्या पानावर. 'पाहिलं' मध्ये लिहिलं, बांधाच्या वळणावरून उघाडीचे दोन खांब. 'ऐकलं' मध्ये, राघ्याला मारलं. 'धरून चालले' मध्ये, झडप बंद होती. त्याखाली आणखी एक ओळ, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. गुरुवारी वही दिली. आता सर बोलावतील, मला वाटलं. ओरडतील, काय करायचं ते सांगतील, आणि मी सुटेन.

शुक्रवारी वही आली. त्या पानावर लाल खूण होती आणि सही होती. बाकी काही नाही. सर वर्गात आले, खुर्चीला हात लावला, बसले, शिकवलं, गेले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मी काय समजले असेन? सरांनी वाचलं. वाचून गप्प राहिले. म्हणजे हे बोलण्यासारखं नाही. एवढा मोठा माणूस गप्प बसतोय तर आपण कोण? केवढा हलका झाला जीव माझा! शनिवारी मी पोटभर जेवले. त्या जेवणाची मला आजही लाज वाटते.

रविवारी राघो गेला.

सोमवारी मी स्टेशनच्या वाटेवर सरांना गाठलं. ते गाडीतून उतरून छत्री उघडत होते. मी वही पुढं केली. गुरुवारी दिली होती सर, म्हटलं, तुम्ही वाचलंत ना? काही बोलला नाहीत म्हणून मला वाटलं... त्यांनी पान उघडलं. पाऊस वहीवर पडत होता, लाल शाई पसरत होती, तरी ते वाचतच होते. चार ओळी वाचायला माणसाला किती वेळ लागतो?

"नाही," ते म्हणाले. "मी वाचलं नव्हतं. नुसती खूण केली." मग वही मिटून, "तुमची वही नेहमी चांगली असते. धरून चाललो."

मला त्यांचा संताप आला. स्वतःचा यायला हवा होता, पण त्यांचाच आला. वाळूच्या बादल्यांत हात घालणारा माणूस, आणि माझ्या चार ओळी? मी तिथं रस्त्यावर त्यांना काय काय बोलले ते मला धड आठवत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, त्यांचं आडनाव काय? कुणाचं, म्हटलं. राघोंचं. जन्मापासून ज्याला बघत आले त्याचं आडनाव मला ठाऊक नव्हतं.

ते कॉलेजला गेलेच नाहीत. माझ्याबरोबर पोलिसांकडं आले. तिथं जबाब आधीच लिहून ठेवलेला होता, उघाडी बंद असल्याचे मी समक्ष पाहिले. फक्त सही करायची होती. मी म्हटलं, पाहिलं नाही. हवालदार म्हणाला, अख्खा गाव सांगतोय की तू पाहिलंस. मी म्हटलं, गावाला मीच सांगितलं, पण मी वळणावरूनच परत फिरले. तीन वेळा सांगावं लागलं. कागद फाडून नवा लिहिला. आदल्या दिवशी मेलेला माणूस त्या दुपारी निर्दोष झाला.

आता उरलं मारलं कुणी ते. गावातली माणसं एकेक करून आत गेली. दार उघडं होतं, बाहेरच्या बाकावर आम्हाला सगळं ऐकू येत होतं. मारताना कुणाला पाहिलं? मी नाय पाहिलं, साहेब. मग कळलं कसं? ऐकलं. कुणाकडून? आता कसं सांगू, सगळेच म्हणत व्हते. तू तिथं होतास ना? व्हतो, पण पाठमोरा व्हतो. एकामागून एक, नऊ माणसं. ज्यांना सकाळ-दुपारचं सगळं पक्कं ठाऊक होतं, त्यांना आता काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. माझा बापूस तेवढा खरं बोलला. तो शिफ्टवर होता.

सर मान खाली घालून ऐकत होते. बाहेर पडल्यावर म्हणाले, "बघा, रकाने सगळ्यांना येतात. शिकवायची गरजच नव्हती." त्यांचा आवाज असा मी आधी कधी ऐकला नव्हता. रडतील की काय असं वाटलं. रडले नाहीत. वाडीवर जायचंय म्हणाले.

रिक्षानं टेकडीपर्यंत गेलो, पुढं चालत. राघोची बायको जनी झोपडीपुढं बसली होती, आजूबाजूला चार बाया. मी तिच्यापुढं उभी राहून सांगितलं. मी झडप पाहिली नव्हती, खोटं बोलले, माझ्यामुळं झालं. तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं. ती माझ्याकडं बघत राहिली, जणू मी काही नवीन सांगतच नव्हते.

"तो आलता तुमच्या दारी," ती म्हणाली. "तू एसटीला गेल्यावर. मी संगती व्हते. म्हनला, वयनी, झडप उघडी हाय, वंडका अडकलाय, एकट्यानं निघत नाय, मानसं पाठवा. तुझी आय म्हनली, माझी पोर बघून आली, बंद हाय. जा तू."

दहा-साडेदहाची वेळ. भरती पुरी व्हायला अजून अडीच तास होते.

सरांनी तिला विचारलं, हे तुम्ही पोलिसांना सांगितलंत का? "मना कोनी इचारलंच नाय," जनी म्हणाली. आम्हीही वाटेत तिला काय सांगायचं तेवढंच ठरवलं होतं, तिला काही विचारायचं आमच्या मनातही आलं नव्हतं. सर तिथंच खाली बसले. भर चिखलात, जमिनीला हात न लावता. मी त्यांना असं बसताना पहिल्यांदा पाहिलं. उठवायला दोन बाया लागल्या.

जनीचा जबाब दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतः बरोबर जाऊन लिहून घ्यायला लावला. त्यातून काही झालं नाही. मारणारे सगळेच गावात राहिले. दिवाळीनंतर जनी पोरांना घेऊन वीटभट्टीवर गेली, ती वाडीवर परत आली नाही. मी पुढं दोनदा शोधायला गेले. गावानं आमच्याशी बोलणं टाकलं. हळदीकुंकवाला नाही, मर्तिकाला नाही. चार वर्षं. बापूस त्या काळात माझ्याशीही फारसं बोलला नाही, आणि मग गेलाच.

सरांनी 'कशावरून' म्हणणं सोडलं. वर्गात कुणी मुद्दाम काहीबाही ठोकून दिलं तरी नुसतं बघायचे. वह्या मात्र चालू ठेवल्या, आणि आता शब्द न् शब्द वाचायचे. एकेका वहीला तास तास लावायचे. गुरुवारच्या वह्या पुढच्या महिन्यात परत मिळायच्या, अभ्यासक्रम मागं पडला, पालकांच्या तक्रारी आल्या. दोन वर्षांनी त्यांनी नोकरी सोडली. सोडली की सोडायला लावली, ते मधल्या रकान्यातलं.

मी तलाठी झाले. पूर आला, वादळ आलं की पंचनामे करते. पडलेल्या भिंतीला हात लावल्याशिवाय सही करत नाही, म्हणून ऑफिसात मलाही विक्षिप्त म्हणतात. म्हणोत बापडे.

वर्षातून दोन-तीनदा रोह्याला सरांकडं जायचे. ते काळा चहा करायचे. इकडचं तिकडचं बोलणं व्हायचं आणि निघताना दरवेळी एकच प्रश्न, "आईला विचारलंत?" नाही म्हणायचे. ते मान हलवायचे. रागावले नाहीत कधी, पण एकदाही विसरले नाहीत.

नाहीच विचारलं मी. कसं विचारणार? माझ्या एका शब्दावर तिनं त्या माणसाला दारातून घालवलं. दुपारी माणसं आली तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं, तरी तिनं माझा शब्द सोडला नाही. की जनीलाच चुकीचं आठवत होतं? मी ते मधल्या रकान्यात लिहून ठेवलं आणि तिथंच राहू दिलं. ऐकलंय फक्त, असं स्वतःला सांगत आले. त्या नऊ जणांत आणि माझ्यात फरक काय, ते मला विचारू नका.

मागच्या थंडीत सर गेले. शेजाऱ्यांनी फोन केला. रोह्याला जाऊन आले, आंघोळ केली. आई उंबऱ्याशी बसून तांदूळ पाखडत होती. आता तिला कमी दिसतं, पण सूप सुटत नाही. कोण गेलं, म्हणाली. सर, म्हटलं, कॉलेजातले.

"ते वहीवाले?"

"व्हय."

सूप थांबलं. "त्यांना ठाऊक व्हतं?"

काय, असं मी विचारायला हवं होतं. ते सोपं होतं. पण मी म्हटलं, "व्हय. जनीनं आमच्या दोघांसमोर सांगितलं."

"म्हंजे तुला तवापासून ठाऊक हाय."

"व्हय."

आई माझ्याकडं बघत होती. किती दिसत होतं कोण जाणे. "मग येवढी वर्सं इचारलंस का नाय गो?" ती म्हणाली.

तिनं सूप बाजूला ठेवलं, पुढं वाकून उंबऱ्यापलीकडची पायरी चाचपली आणि तिच्यावर तळवा टेकवला.

"हितं उबा व्हता तो," आई म्हणाली.